गणित विभागातलं यश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकालाचे दिवस आले, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) भेटीची तारीख ठरली किंवा वार्षिक अहवालाची मुदत डोक्यावर आली की गणित विभागात यशाची यादी जमवायला सुरुवात होते. मग ती फलकावर लागते, छापली जाते, आणि ती वाचून पालक, नवे-जुने विद्यार्थी आणि शेजारच्या विभागांतले प्राध्यापक ठरावीक प्रश्न विचारतात. ही उत्तरं त्यांच्यासाठी. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, परीक्षा आणि नियम मात्र बहुतांशी देशभराचे.

नेट, सेट, गेट, जेआरएफ: नावापुढे यांतलं काहीही लिहिलं तरी अर्थ एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नेट ही कॉलेजात शिकवण्यासाठीची आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा. गणिताची नेट म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. ती एनटीए ही परीक्षा घेणारी केंद्रीय संस्था घेते. विषयाचं नाव 'मॅथेमॅटिकल सायन्सेस' असल्यामुळे संख्याशास्त्राची मुलंही त्याच पेपरला बसतात. सेट राज्यापुरती, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती निघाली की सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायला माणूस पात्र होतो. गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था आयआयएससी मिळून घेतात, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो, पण गेटच्या जोरावर कॉलेजात शिकवायची पात्रता मिळत नाही.

जेआरएफ ही तर वेगळी परीक्षाच नाही. नेटच्या गुणवत्ता यादीत जी मुलं वर येतात त्यांना मिळणारी ती संशोधनवृत्ती. शिवाय २०२४ पासून नेटच्या निकालाला तीन पायऱ्या झाल्या आहेत. पहिल्या पायरीवर जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक ही दोन्ही पात्रता मिळतात, दुसरीवर सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, तिसरीवर फक्त पीएचडी प्रवेश. तिसऱ्या पायरीवरच्या मुलाला त्या निकालावर नोकरीचा अर्ज करता येत नाही. तेव्हा फलकावर नुसतं 'नेट उत्तीर्ण' दिसलं तर कोणत्या पायरीवर, हे विचारायला संकोच करू नका. विभागानेच ते लिहायला हवं खरं तर, पण तीनही पायऱ्यांची नावं एकाच रांगेत लावली की आकडा घसघशीत दिसतो.

एमएस्सीला ऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलांचीही नेट पहिल्या फटक्यात निघत नाही. इतकं काय असतं त्या पेपरात?

तीन तास, २०० गुण. भाग अ सामान्य आकलनाचा, त्यात २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. भाग ब मध्ये ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण. भाग क मध्ये ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५ गुण. अ आणि ब मध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. क मध्ये कापत नाहीत, म्हणून नवखी मुलं हुरळतात.

खरी गंमत क मध्येच आहे. तिथे एका प्रश्नाचे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि बरोबर असलेले सगळे पर्याय टिपल्याशिवाय एकही गुण मिळत नाही. त्या धर्तीचा एक प्रश्न घ्या, त्यातले शब्द कळले नाहीत तरी मुद्दा कळेल. एका वास्तव संख्यांच्या चौरस मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याचा) वर्ग केला तर तीच मॅट्रिक्स परत मिळते. खालीलपैकी काय खरं? एक, तिची आयगेन मूल्यं ० किंवा १ याखेरीज दुसरी असू शकत नाहीत. दोन, तिची रँक आणि ट्रेस सारखीच असतात. तीन, ती डायगोनल रूपात आणता येते. चार, ती सममित असते.

पहिलं विधान वर्गातल्या सगळ्यांना येतं. दुसरं आणि तिसरं ज्यांनी सिद्धता स्वतः लिहिली आहे त्यांना येतं. चौथ्याला मुलं फसतात, कारण पुस्तकातली उदाहरणं बहुधा सममित असतात. पहिल्या ओळीत १, १ आणि दुसऱ्या ओळीत ०, ० असलेली मॅट्रिक्स घेऊन वर्ग करून बघा. तीच परत येते, आणि ती सममित नाही. म्हणजे पहिले तीन बरोबर, चौथा चूक. पहिले दोनच टिपणाऱ्याला शून्य, आणि चारही टिपणाऱ्यालाही शून्य. विद्यापीठाच्या परीक्षेत 'सिद्ध करा' असा प्रश्न येतो, म्हणजे विधान खरं आहे हे आधीच कळलेलं असतं. इथे खरं-खोटं आपणच ठरवायचं असतं आणि खोटं असेल तर विरोधी उदाहरण दोन मिनिटांत सुचावं लागतं. ऐंशी टक्केवाली मुलं अडखळतात ती इथे. त्यांनी अभ्यास कमी केला असं समजू नका, अभ्यासाची जातच वेगळी लागते.

मुलीला जेआरएफ लागली. आता पीएचडी झालीच म्हणायची?

अभिनंदन, पण पेढे थोडे मागे ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं मिळतं. दोन वर्षांनी प्रगती समाधानकारक ठरली तर एसआरएफचे, म्हणजे पुढच्या पायरीच्या संशोधनवृत्तीचे, ४२,०००. ही पैशांची सोय झाली. अजून विद्यापीठ ठरायचंय, गाईड मिळायचाय, गाईडकडे जागा असायला हवी, कोर्सवर्क व्हायचंय, विषय ठरायचाय. गणितात पहिलं दीड-दोन वर्षं नुसतं वाचण्यात जातं आणि घरच्यांना वाटतं मुलगी काहीच करत नाही.

पूर्वी प्रबंध सादर करण्याआधी पेपर, म्हणजे शोधनिबंध, जर्नलमध्ये छापून यावा लागे. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी ती देशपातळीवरची सक्ती काढली. गणितासाठी हे फार बरं झालं, कारण आमच्याकडे एक पेपर तपासून यायला वर्ष-वर्ष लागतं आणि त्या अटीपायी मुलं नको त्या जर्नलांच्या दारात जात.

जेआरएफखेरीज एनबीएचएमची पीएचडी शिष्यवृत्तीही असते. एनबीएचएम म्हणजे अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेलं उच्च गणिताचं राष्ट्रीय मंडळ. परीक्षा फक्त गणिताची, त्यानंतर मुलाखत. फलकावर एनबीएचएम दिसलं की गणितवाले दोन पावलं थांबून नाव वाचतात. बाकीचे पुढे जातात.

बीएस्सीच्या मुलांनी दाखवण्यासारखं यश कोणतं? तीन वर्षांच्या पदवीवर नेट तर देता येत नाही.

माधव गणित स्पर्धा. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून ती घेतात, पैसे एनबीएचएमचे. केरळातल्या संगमग्रामच्या माधवाचं नाव तिला दिलं आहे. पदवीचा अभ्यासक्रम माहीत असला की पेपर कळतो, सुटेलच असं नाही. या स्पर्धेत चांगला क्रमांक आलेल्या मुलाकडे मी विद्यापीठाच्या पहिल्या नंबरापेक्षा जास्त कुतूहलाने बघतो.

दुसरं म्हणजे एमटीटीएस, 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च'. प्रा. एस. कुमरेसन मुंबई विद्यापीठात असताना १९९३ मध्ये त्यांनी हे उन्हाळी शिबिर सुरू केलं. चार आठवडे निवासी, खर्च एनबीएचएमचा. तिथे फळ्यावरचं उतरवून घेणारा मुलगा दोन दिवसांत उघडा पडतो, कारण शिक्षक उत्तर सांगत नाहीत, 'का?' विचारत राहतात. शिबिराचं प्रमाणपत्र म्हणजे काही बक्षीस नाही, म्हणून बरेच विभाग ते यादीत घेतच नाहीत. घ्यावं. एमएस्सीला आल्यावर ही मुलं पहिल्या आठवड्यात ओळखू येतात.

आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा. तिचा अखिल भारतीय क्रमांक फलकावर लिहिण्याजोगा असतो.

मुलगा तालुक्याच्या कॉलेजातून, मराठी माध्यमातून आला आहे. त्याचं नाव कधी या यादीत येईल का?

येतं. अडचण इंग्रजीची असते ती पहिल्या सहा महिन्यांत. गणिताचं इंग्रजी तोकडं असतं, तेच दोन-अडीचशे शब्द फिरून फिरून येतात. खरी तफावत पडते ती सिद्धता लिहिण्याच्या सवयीत. तालुक्याच्या कॉलेजात अनेकदा एकच शिक्षक पाच पेपर शिकवतो आणि मुलं गाईडबुकावर पास होतात. अशा मुलाला पहिल्या सत्रात कमी गुण मिळाले तर घाबरू नका, त्याला सरांच्या खोलीबाहेर उभं राहायला शिकवा. शंका विचारायला येणारी मुलं आम्हाला हवीच असतात. येतात मात्र शहरातलीच.

सुवर्णपदकाचं काय?

चांगलंच आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत त्या वर्षी पहिला आला, इतकाच त्याचा अर्थ. पुढे काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही.

गणिताच्या प्राध्यापकांचे वर्षाला एक-दोनच पेपर. रसायनशास्त्रात एकेकाचे दहा-पंधरा. आमचे सर काम करत नाहीत का?

हा प्रश्न बहुतेक वेळा कुलगुरूंच्या बैठकीत विचारला जातो, आणि गणिताचे विभागप्रमुख तिथे गुळमुळीत उत्तर देऊन येतात. सरळ उत्तर असं. प्रयोगशाळेत सहा-आठ जणांचा गट एका यंत्रावर काम करतो, प्रत्येक पेपरावर सगळ्यांची नावं असतात, आणि एका पदार्थाचा अभ्यास झाला की पुढचा पदार्थ घेता येतो. गणितात बहुतेक पेपर एकट्या-दुकट्याचे किंवा तिघांचे. सिद्धतेत एक भोक राहिलं तर सगळा पेपर बाद. 'नव्वद टक्के सिद्ध झालं' असं काही नसतं. परीक्षक ओळ न् ओळ तपासतो, तोही फुकट आणि स्वतःचं काम सांभाळून.

महेश काकडे यांचं उदाहरण घ्या. मूळचे अकोल्याचे, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) बंगळूरहून गणिताची पदवी, केंब्रिजला जॉन कोट्स यांच्याकडे पीएचडी, आता आयआयएससीत प्राध्यापक. समित दासगुप्ता यांच्यासोबत त्यांनी ब्रूमर-स्टार्क अटकळीवर (संख्या-सिद्धांतातल्या एका अवघड प्रश्नावर) जो पेपर लिहिला तो २०२० मध्ये आर्काइव्हवर, म्हणजे छपाईआधीचे पेपर ठेवायच्या संकेतस्थळावर, आला आणि 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या मानाच्या जर्नलमध्ये छापून यायला २०२३ उजाडलं. पेपर सुमारे शंभर पानांचा. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात तो '१' असाच मोजला जातो. २०२२ चा गणिताचा इन्फोसिस पुरस्कार काकडे यांना मिळाला.

प्रत्येक विभागात काकडे नसतात हे उघड आहे. पण मोजमापाचा मुद्दा साध्या प्राध्यापकालाही लागू पडतो. पाच वर्षांत तीन-चार चांगल्या जर्नलांतले पेपर, दोन पीएचडीचे विद्यार्थी, आणि शिवाय आठवड्याचे चौदा-सोळा तास वर्ग, हे माझ्या मते भरीव काम आहे. उलट गणितात कुणाचे वर्षाला पंचवीस पेपर दिसले तर मी आधी जर्नलांची नावं वाचतो.

पेपरावर आमच्या मॅडमचं नाव शेवटी आहे. म्हणजे त्यांचं काम कमी होतं?

अजिबात नाही. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावायची रीत आहे. आपटे नेहमी पहिले, झेंडे नेहमी शेवटचे, मग सिद्धता झेंड्यांना सुचलेली का असेना. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, रसायनात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं. आमच्याकडे क्रमाला काहीच अर्थ नाही.

पंचाईत होते ती पदोन्नतीच्या वेळी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दोन लेखक असतील तर दोघांना ७०-७० टक्के गुण मिळतात. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३०. नियम करताना गणिताची रीत कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. त्यामुळे तिघांच्या पेपरात झेंडे मॅडमनी पत्रव्यवहार आपल्याकडे घेतला तर त्यात स्वार्थ शोधू नका, कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल त्यांनाही भरायची असते.

इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती उल्लेख मिळतात) आणि सायटेशन (इतरांच्या पेपरांतले उल्लेख) बघून प्राध्यापकाची योग्यता ठरवता येत नाही का?

गणितात तर फारच जपून. आमची जर्नलं हळू चालतात, एखाद्या निकालाचा उपयोग वीस वर्षांनी होतो, आणि उल्लेख मुळातच कमी असतात. उल्लेख कमी म्हणून ते फुगवणंही सोपं. दहा-बारा जणांनी ठरवून एकमेकांचे पेपर उल्लेखायला घेतले की आकडे आभाळाला भिडतात. सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या संशोधकांची यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये त्या यादीतून गणित हा विषयच वगळला. कारण हेच: क्षेत्र लहान, उल्लेख थोडे, त्यामुळे थोड्याशा हातचलाखीने यादी बिघडते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या यादीला जे जमेना ते आपल्या विद्यापीठाच्या तक्त्याला जमेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

मग जर्नल चांगलं की भुरटं, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

काही वर्षं यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीचा आधार होता. तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. आता डोळे उघडे ठेवणं आलं.

गणितापुरती एक सोय आहे. 'झेडबी-मॅथ' हा जर्मनीतून चालणारा गणिताच्या पेपरांचा संग्रह २०२१ पासून सगळ्यांना फुकट खुला आहे. तिथे प्राध्यापकांचं नाव घाला. पेपरांची यादी तर येतेच, बऱ्याच पेपरांखाली दुसऱ्या गणितज्ञाने लिहिलेला परिचयही असतो. अमेरिकेचं 'मॅथसायनेट' तसंच, पण त्याला वर्गणी लागते. स्वतःच्या क्षेत्रातल्या जर्नलांत लिहिणारा गणिती या दोन ठिकाणी सापडतो. वीस 'आंतरराष्ट्रीय' पेपर असूनही इथे एकही दिसत नसेल तर काय समजायचं ते समजा.

दुसरी खूण पैशांची. गणितातली जुनी, मानाची जर्नलं बहुतेक लेखकाकडून पैसे घेत नाहीत. 'आठ दिवसांत स्वीकृती, शुल्क अमुक' असं पत्र आलं तर आठ दिवसांत कुणी सिद्धता तपासलेली नाही एवढं नक्की.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या गणित विभागात जगाने दखल घ्यावी असं कुणी होऊन गेलं का?

शरदचंद्र शंकर श्रीखंडे. हे नाव गणिताबाहेर फार थोड्यांना माहीत आहे याची मला कायम रुखरुख वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोष्ट अठराव्या शतकातला थोर गणितज्ञ ऑयलर याच्यापासून सुरू होते. १७८२ मध्ये त्याने ३६ अधिकाऱ्यांचं कोडं मांडलं: सहा पलटणी, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचा एकेक अधिकारी, त्यांना सहा-सहाच्या चौकोनात असं उभं करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण एकदाच आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. तीनसाठी हे सोपं आहे. अक्षर म्हणजे पलटण, आकडा म्हणजे हुद्दा:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

कोणतीही ओळ किंवा स्तंभ तपासा. नऊच्या नऊ जोड्याही वेगवेगळ्या आहेत. चार आणि पाचसाठीही असा चौकोन बनतो. दोनसाठी बनत नाही हे कागदावर लगेच दिसतं. सहासाठी ऑयलरला जमेना. त्यावरून त्याने अंदाज बांधला की २, ६, १०, १४, १८ या मालिकेतल्या कोणत्याच संख्येसाठी असा चौकोन अस्तित्वात नाही. सहाबाबत तो बरोबर निघाला. गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने १९०१ च्या सुमारास सगळ्या शक्यता हाताने तपासून ते दाखवलं. मग उरलेलंही खरंच असणार असं धरून जग चाललं.

१९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी २२ साठी चौकोन बांधून दाखवला. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० साठी. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर मालिकेतल्या प्रत्येक संख्येसाठी असा चौकोन आहे. ऑयलरचा अंदाज पावणेदोनशे वर्षांनी कोसळला. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची बातमी, तीही पहिल्या पानावर! तिघांना 'ऑयलरचा खेळ बिघडवणारे' असं नाव पडलं.

श्रीखंडे १९१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागरला जन्मले. नागपूरला शिकले आणि तिथे शिकवलंही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोस यांच्याकडे १९५० मध्ये पीएचडी केली. ऑयलरचा अंदाज मोडला तेव्हाही ते तिकडेच होते. तेव्हा हे यश मुंबईच्या खात्यावर टाकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. १९६३ मध्ये ते मुंबई विद्यापीठात आले, गणित विभाग आणि तिथलं प्रगत अध्ययन केंद्र उभं केलं, १९७८ पर्यंत सांभाळलं. मुंबईच्या खात्यावर आहे ते हे: मांडणीच्या गणिताची, म्हणजे कॉम्बिनेटोरिक्सची, एक शाळा या विभागात तयार झाली. वासंती भट-नायक त्यांच्याच विद्यार्थिनी, पुढे त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. श्रीखंडे २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. त्यांच्या नावाचा ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची रचना) आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

आणखी कोण?

श्रीराम अभ्यंकर. जन्म उज्जैनचा, वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक, पदवी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, १९५५ मध्ये हार्वर्डला झारिस्की यांच्याकडे पीएचडी. बैजिक भूमितीत त्यांचं काम पायाभूत मानलं जातं. १९६३ पासून अखेरपर्यंत अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात राहिले तरी पुण्याला येणं-जाणं तुटलं नाही. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं आणि ते आजही शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सगळ्यांना गणित शिकवतं.

गोव्याचे दामोदर कोसंबी बहुतेकांना इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पोटापाण्याला ते फर्ग्युसनमध्ये आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचेच होते.

संख्यांच्या गमती शोधणाऱ्या कापरेकरांचं नाव घेतलं नाही तर वाचक रागावतील. पण ते कोणत्याच विद्यापीठाच्या विभागात नव्हते, देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षक होते. त्यांचं विद्यार्थिदशेतलं यश मात्र या पानावर बसतं: फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. हे परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले दापोलीकडचे रघुनाथ पुरुषोत्तम.

लग्न झालं, मूल झालं, संशोधन थांबलं. परत सुरू केलं तर त्याला यश म्हणतील का?

मंगला नारळीकर १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठात एमएला पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. नंतर लग्न, केंब्रिज, तीन मुली. संख्या-सिद्धांतातली त्यांची पीएचडी झाली १९८१ मध्ये. त्या काळात घरात संशोधक एकच आणि तो पुरुष, असा हिशोब होता. मधल्या वर्षांना अहवालात जागा नसते, कारण तक्ता दर वर्षाचा असतो. त्यांनी पुढे मुलांसाठी मराठीत गणितावर लिहिलं, बालभारतीच्या गणित समितीचं काम पाहिलं आणि २०१९ मध्ये संख्यावाचनाच्या बदलावरून महाराष्ट्रभर टीकाही झेलली.

तेव्हा हो, म्हणतील. न म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. वयाची अट कुठे लागते ते तेवढं आधी पाहून ठेवा. महिलांना जेआरएफसाठी वयात सवलत असते.

भटनागर, फील्ड्स वगैरे पुरस्कारांची चर्चा विभागात का होत नाही?

होते, चहाच्या वेळी. फील्ड्स पदक हा गणितातला जगातला मोठा मान, चाळिशीच्या आतल्यांनाच. विज्ञानातलं देशातलं मानाचं भटनागर पारितोषिक ४५ वर्षांपर्यंतच्यांना मिळायचं; २०२३ मध्ये सरकारने पुरस्कारांची फेररचना केली, तेव्हापासून ते 'विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर' या नावाने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत गेलं. या पुरस्कारांचे मानकरी बहुधा आयआयटी, आयएसआय, टाटा संस्था, आयआयएससी इथले असतात. राज्य विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या वाट्याला वर्ग, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी आणि रिकाम्या जागांचा भार येतो. तुलना करताना हे धरा.

प्लेसमेंट?

आकडे, विमा आणि विदा (डेटा) यांत. बरीच मुलं बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षा काढतात, काही ॲक्चुअरीचे (विम्याच्या जोखमीचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाचे) पेपर देतात, काही कोडिंग शिकून कंपन्यांत जातात. शाळा-कॉलेजात शिकवणारे अजूनही सगळ्यात जास्त, आणि त्यातले अनेक तासिका तत्त्वावर. फलकावर 'प्राध्यापक म्हणून निवड' असं वाचलं की ती जागा कायम आहे का, हेही विचारावं.

मी जुना विद्यार्थी. माझं नाव यादीत नाही. कळवायचं कसं?

विभागाच्या कार्यालयात किंवा अधिकृत ईमेलवर. परीक्षेचं पूर्ण नाव, महिना आणि वर्ष, पायरी किंवा क्रमांक, आणि निकालपत्राची प्रत जोडा. पेपर असेल तर जर्नलचं नाव, खंड, वर्ष आणि सगळ्या लेखकांची नावं छापली आहेत त्याच क्रमाने. नोकरी असेल तर पदाचं नाव आणि संस्थेचं पत्र. नॅकच्या तक्त्यात विद्यार्थ्यांची प्रगती या सदराखाली पुराव्याशिवाय एकही नाव धरत नाहीत, त्यामुळे 'सरांना माहीत आहे' चालत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बहुधा हरवतो. आणि निकालपत्रावरचं आडनाव लग्नानंतर बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा, नाहीतर तुम्ही यादीत दोनदा तरी याल किंवा एकदाही येणार नाही.